आधी ओल घालवा, मग रंग द्या

(कुंभकोणम् परिसरातील मराठी भाषक कुटुंबांसाठी व दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी केलेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रात दिवाळीपूर्वी घर रंगविण्याची चाल आहे आणि तिला सबळ कारण आहे. तिकडे दिवाळीपर्यंत पावसाळा ओसरलेला असतो, ऊन पडते आणि भिजलेल्या भिंती वाळू लागतात. व्यंकोजीराजांच्या काळापासून मराठी कुटुंबे कावेरीकाठी येऊन वसली. त्यांच्या घरांतही दिवाळी जवळ आली की रंगाचा विषय निघतो. परंतु येथील आकाश निराळे आहे. कुंभकोणमला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतला. उत्तरेस कावेरी, दक्षिणेस अरसलार, भोवती भाताची शेते आणि दिवाळीच्या सुमारास सुरू होणारा पाऊस! अशा वेळी ओलसर भिंतीवर दिलेला रंग काही आठवड्यांतच फुगतो आणि त्याखालून काळे-हिरवे डाग पुन्हा वर येतात. आज मला आपणांस एवढेच सांगावयाचे आहे की, भिंतीवरील बुरशी हा रंगाचा प्रश्न नसून पाण्याचा प्रश्न आहे.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना घरातून कायमचे हाकलून देणे कोणालाही शक्य नाही. मात्र ओल मिळाल्याखेरीज ते रुजत नाहीत. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत पूर्ण वाळली, तर बुरशीला सहसा मूळ धरता येत नाही. म्हणून छत गळल्यावर किंवा घरात पाणी शिरल्यावर पहिले दोन दिवस सर्वांत मोलाचे असतात.

या बुरशीमुळे आरोग्यास काय धोका आहे? ओलसर, बुरशीयुक्त घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, छातीतील घरघर, नाक चोंदणे व दम्याचा त्रास अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. दमा असलेली मुले, वृद्ध माणसे आणि फुप्फुसाचा जुना आजार असलेले रुग्ण यांना हा त्रास विशेष होतो. मूल रात्री खोकते व बाहेरगावी गेल्यावर त्याला बरे वाटते, असे वारंवार घडत असेल, तर त्याच्या बिछान्यामागील भिंत अवश्य पाहावी.

2021 साली ‘काळी बुरशी’ या नावाने म्युकरमायकोसिस हा रोग सर्वांना ठाऊक झाला. तेव्हापासून भिंतीवरचा काळा डाग पाहून अनेकांच्या मनात भीती दाटते. भिंतीवरील काळा डाग म्हणजे तो रोग नव्हे. तो रोग एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. मधुमेह आटोक्यात नसलेल्या, दीर्घकाळ स्टेरॉइड औषधे घेणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती फार घटलेल्या व्यक्तींनाच त्याचा मुख्य धोका असतो. अशा व्यक्तींनी, तसेच दमेकऱ्यांनी बुरशी साफ करण्याचे काम स्वतः करू नये आणि ते चालू असताना त्या खोलीत थांबू नये.

आता ओल कोठून येते, ते शोधू या. डाग छताजवळ असेल तर गच्ची, कौले व पन्हळ तपासावी. न्हाणीघराच्या पलीकडील भिंतीवर असेल तर नळाची जोडणी पाहावी. जमिनीलगत असेल तर जमिनीतील ओल वर चढत असण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी पांढरी, खारट भुकटी दिसते. तिला आपण लोणा म्हणतो. ती बुरशी नव्हे, परंतु ओलीची साक्ष आहे. कारण उमगत नसेल तर एक सोपी परीक्षा करावी. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीवर चिकटवून दोन दिवस ठेवावा. पाणी तुकड्याच्या भिंतीकडील बाजूस साचले तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूस साचले तर ती घरातील वाफ आहे.

घरातील वाफ कमी करणे आपल्याच हाती आहे. इडलीचे भांडे, भाताचा कुकर व आंघोळीचे गरम पाणी यांची वाफ खिडकीतून किंवा पंख्याने बाहेर जाऊ द्यावी. ओले कपडे शक्यतो निजायच्या खोलीत वाळत घालू नयेत. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. जुन्या घरांतील मधला चौक हा घराचा श्वास आहे. पावसासाठी त्यावर पत्रा घातला असेल, तर बाजूने हवा खेळती राहील अशी फट ठेवावी. पाऊस उघडताच समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. आर्द्रतामापक असल्यास खोलीतील आर्द्रता 60 टक्क्यांखाली ठेवण्याचा प्रयत्न करावा.

ओलीचे कारण दूर केल्यानंतरच सफाईस हात घालावा. एन-95 मुखपट्टी, रबरी हातमोजे व डोळ्यांवर चष्मा वापरावा. पंखा बंद ठेवावा आणि खिडकी उघडावी. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने डाग कधीही खरवडू नये, कारण त्यामुळे बीजाणू घरभर उडतात. भिंत प्रथम ओल्या फडक्याने दमट करावी, साबणाच्या पाण्याने घासावी, स्वच्छ फडक्याने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. जंतुनाशक ब्लीच वापरणार असाल तर त्यात संडास धुण्याचे आम्ल, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले द्रव कदापि मिसळू नये. त्यापासून विषारी वायू निर्माण होतो. आतपर्यंत बुरशी गेलेली गादी, उशी व काथ्याची चटई टाकून देणेच श्रेयस्कर. या वस्तू भोगीच्या होळीत जाळू नयेत. साधारण तीन फूट लांब व तीन फूट रुंद यांहून मोठा भाग बुरशीने व्यापला असेल, तर माहीतगार कारागिराचे साहाय्य घ्यावे.

कुबट वास दडपण्यासाठी साम्ब्राणी किंवा उदबत्ती जाळण्याने बुरशी जात नाही. उलट, तो धूर दमेकऱ्याच्या छातीस अधिक त्रासदायक ठरतो. बुरशी धरलेले शेंगदाणे अथवा खोबरे धुऊन किंवा तळून वापरू नये. काही बुरशींचे विष स्वयंपाकाच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही.

रंग केव्हा द्यावा, हे या भूमीने आधीच ठरवून ठेवले आहे. तमिळ घरांत पोंगलपूर्वी, भोगीच्या सुमारास घर झाडून भिंतींना चुना देतात. तोवर ईशान्येचा पाऊस सरलेला असतो. दिवाळीला घर झाडावे, दिवे लावावेत, गळती बुजवावी. रंगाचे काम मात्र जानेवारीनंतर भिंत वाळल्याची खात्री करून घ्यावे. विटा-चुन्याच्या जुन्या भिंतींना चुन्याचाच हात द्यावा. चुना भिंतीतील ओल बाहेर पडू देतो, तर तैलरंग ती आत कोंडतो.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. प्रत्येक खोकल्याचा दोष भिंतीला देऊ नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर सरकारी आरोग्य केंद्रात क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. ती विनामूल्य होते. दम्याची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. धाप लागून एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा श्वास घेताना मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर क्षणभरही न थांबता 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आज घरी गेल्यावर एकच काम करावे. भिंतीलगतचे एक कपाट थोडे पुढे ओढावे आणि मागे पाहावे. तेथे डाग दिसला, तर रंगाचा डबा आणण्याआधी पाण्याची वाट शोधावी. ती बंद झाली की बुरशीचे अर्धे बळ सरले, असे समजावे.

आपणां सर्वांस उत्तम आरोग्य लाभो.