लेकराची वाटी आपल्याच वावरातून

(खरीप हंगामातील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीची पत्रिका हाती पडली तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला विचारले, "कापसाच्या भावाची बैठक, त्यात लेकराच्या पेजेचे काय काढले?" प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच, की आता महिना-दीड महिन्यात वेचणी सुरू होईल. बाई सकाळी वावरात जाईल, दिवस मावळता परतेल. तिचे सात-आठ महिन्यांचे लेकरू धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत किंवा घरी आजीजवळ राहील. दिवसभर त्याच्या पोटात काय जाईल? चहात बुडवलेले बिस्कीट आणि वरणाचे वरचे पाणी. वेचणी संपेपर्यंत लेकरू वर्षाचे होते. त्याच्या वाढीचा खरा हंगाम हाच, आणि तोच आपल्या हातून निघून जातो.

आम्ही शेतकीची पदवी घेतली. ज्वारी पोटरीत असताना ताण बसला की कणीस भरत नाही, मागाहून कितीही पाऊस पडो, हे आम्ही गावोगाव सांगत फिरलो. माणसाच्या लेकराचेही तसेच आहे. पहिली दोन वर्षे ही त्याची पोटरी. तेव्हा बसलेला ताण पुढे पूर्णपणे भरून निघत नाही. उंची खुंटते, बुद्धीची वाढ मागे पडते, आजार लवकर धरतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने उंचीत खुंटलेली आढळली. दर तीन मुलांमागे एकाहून जास्त! पिकाची अशी नापिकी असती तर आपण पंचनामे मागितले असते.

हे आम्ही वरच्या पायरीवर उभे राहून सांगत नाही. आमच्या घरातलीच गोष्ट आहे. धाकटी सात महिन्यांची असताना आम्ही मेळाव्यांच्या गडबडीत होतो. घरात एक डबा आणून ठेवला आणि कर्तव्य संपले असे मानले. डब्यावर लिहिलेली मात्रा पाळली तर तो चार-सहा दिवसांत संपे. पैसे मोजूनच दिलेले. म्हणून घरात पावडर कमी आणि पाणी जास्त होत गेले. आम्ही कधी विचारलेही नाही. नवव्या महिन्यात वजनाच्या दिवशी अंगणवाडीच्या ताईंनी कार्ड पुढे धरले. दोन महिने रेघ आडवी. ताई म्हणाल्या, "भाऊ, कपाशीला अर्धंच खत टाकून बोंडं मोजायला जाता का हो?" आम्हाला मान खाली घालावी लागली.

तेव्हापासून आम्ही हा विषय पिकासारखाच अभ्यासला. तो आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणीसुद्धा नाही, मध नाही, घुटी नाही. सहा महिने पूर्ण झाले की आईचे दूध चालू ठेवून वरचे अन्न सुरू करायचे, आणि दूध दोन वर्षांपर्यंत पाजायचे. सहाव्या महिन्यानंतर अंगावरच्या दुधाखेरीज लेकराला रोज सुमारे २०० उष्मांक लागतात, नवव्या महिन्यापासून ३०० आणि वर्ष झाल्यावर ५५०. अडचण पोटाच्या मापाची आहे. सात किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी वाटीभर, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर मावते. ती वाटी पातळ पेजेने भरली तर पोट फुगते, पण लेकरू उपाशीच राहते. म्हणून खूण लक्षात ठेवा. चमचा तिरपा केला तर पेज पाण्यासारखी ओघळू नये, चमच्यावर टिकली पाहिजे.

आता माल कोणता? आपलाच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी एक मिश्रण केले. भाजलेला गहू ४० ग्रॅम, हरभऱ्याचे डाळे १६ ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. त्यातून ३३० उष्मांक आणि ११ ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. त्यात गव्हाच्या जागी आपली ज्वारी चालते. नुसत्या ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. ज्वारीत तुरीचा किंवा मुगाचा पाटा घेणारी आपली जुनी पद्धत जमिनीला जशी मानवते, तशीच पोटालाही मानवते.

पंधरा दिवसांचे माप असे. ज्वारी अर्धा किलो, मुगाची डाळ किंवा हरभऱ्याचे डाळे २०० ग्रॅम, शेंगदाणे १२५ ग्रॅम. ज्वारी निवडून, पाखडून, धुऊन वाळवा. मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा. डाळ वेगळी भाजा. दोन्ही बारीक दळून चाळून घ्या. गिरणीत आधी कोणाची मिरची दळली असेल, म्हणून पहिल्या दोन-चार मुठी बाजूला काढा. दाणे भाजून, साल काढून त्यांचे अगदी बारीक कूट घरीच करा आणि मग पिठात मिसळा. अख्खा किंवा अर्धवट फुटलेला दाणा लेकराच्या घशात अडकतो. पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दाण्याच्या तेलाला खवट वास येतो, म्हणून एका वेळी जास्त करू नका.

रोजचे ५० ग्रॅम पीठ दोन-तीन वेळांत विभागून पाण्यात कालवून दहा मिनिटे शिजवा. त्यात सुमारे १९० उष्मांक मिळतात. वरून चमचाभर तेल किंवा तूप घातले की आणखी ४५ वाढतात. गूळ-साखर दोन वर्षांपर्यंत नको, असेच आजचे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. पहिल्या आठवड्यात ज्वारी आणि मूग एवढेच द्या, दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करा. दाण्याचे कूट नंतर मिसळा, म्हणजे एखादी वस्तू मानवली नाही तर कळते. पुढे मऊ शिजवलेली पालेभाजी, भोपळा, कुस्करलेले केळे, अंडे हेही हवे. लेकराच्या अंगातला जन्मतःचा लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो. म्हणून आशाताई लोहाचे औषध देतात ते टाळू नका, आणि पालेभाजीवर लिंबाचे दोन थेंब पिळा.

आता धोक्याच्या गोष्टी. त्या नीट ऐका.

पहिली गोष्ट बियाण्याची. पिशवीत उरलेले रंग लावलेले बियाणे औषधाने माखलेले असते. धुऊनही ते खाण्यालायक होत नाही. कोठीत विषारी गोळ्या ठेवल्या असतील तर ते धान्य लेकरासाठी घेऊ नका. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी नको, बुरशी लागलेला, सुरकुतलेला दाणा नको. दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. फवारून आल्यावर अंघोळ करून, कपडे बदलून मगच लेकराला घ्या. औषध मोजायचे भांडे घरात आणूच नका.

तिसरी गोष्ट मोडाची. मोड आणलेल्या धान्याच्या पिठाने घट्ट पेज सैल होते. उगवताना दाणा पिष्ट तोडणारे विकर तयार करतो, त्याचा हा गुण. पाणी न वाढवता पेज गिळायला सोपी होते. पण मोड गव्हाला आणा, ज्वारीला नको. कारण आपल्याला ठाऊक आहे. कोवळी किरळ खाऊन गुरे दगावतात. तेच विष ज्वारीच्या मोडात तयार होते. गहू रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड येऊ द्या, उन्हात खडखडीत वाळवा, अगदी हलके गरम करून दळा. घट्ट शिजलेली पेज खाली उतरवून थोडी निवू द्या. उकळत्या पेजेत टाकले तर विकर मरते. वाटीला एक चमचा पीठ ढवळा, पाच-दहा मिनिटे थांबा, मग पुन्हा एक उकळी द्या.

भरवायचे ते वाटी-चमच्याने. बाटली नीट धुतली जात नाही आणि हगवण तिथूनच लागते. आपल्या देशात १९९२ पासून कायदा आहे. बाळाच्या डब्याच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात त्याने बंद केली. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बालआहाराची जाहिरातही त्यात आली. हगवण लागली तर खाणे तोडू नका. आईचे दूध आणि जलसंजीवनी चालू ठेवा, झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्या. लेकरू मलूल झाले तर दवाखाना गाठा.

खर्चाचा हिशोब करू. २०२४-२५ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये होता, मुगाचा ८६८२, भुईमुगाचा ६७८३. या भावाने वरच्या मापाचा माल पन्नास-पंचावन्न रुपयांत बसतो. सव्वाआठशे ग्रॅम पीठ! शेजारच्या दुकानातल्या डब्यावरची किंमत आणि वजन तुम्हीच वाचा. आपली ज्वारी आडत्याकडे मातीमोल होते आणि लेकराचे पीठ आपण सोन्याच्या भावाने आणतो. ज्वारीचे वावर कपाशीने खाल्ले, त्याला भावाचे कारण आहे, आणि ती लढाई आपण सोडणार नाही. पण एका लेकरापुरती ज्वारी आणि मूग यायला चार ओळी पुरतात. त्यासाठी कुणाचा हुकूम लागत नाही.

शेवटचे बोलणे पुरुष मंडळींशी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बाई उठून लेकराजवळ गेली की तिचा रोज बुडतो. तिला दोष देऊन वाटी भरणार नाही. ज्याच्या वावरात वेचणी, त्याने सावलीची जागा, प्यायचे उकळलेले पाणी आणि लेकरांजवळ बसणारी एक म्हातारी बाई, तिच्या मजुरीसह, एवढे द्यावे. वेचणाऱ्या आईला दूध पाजायला दोन सुट्ट्या द्याव्यात. आणि घरी पीठ भाजणे, भरवणे हे बापानेही शिकावे. आम्ही उशिरा शिकलो. धाकटीची रेघ तिसऱ्या महिन्यात वर वळली तेव्हा पहिला पाऊस पडावा तसे वाटले.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे आणावेत. आपल्या गावात सहा महिने ते दोन वर्षांची लेकरे किती, आणि त्यांतल्या किती जणांच्या कार्डावरची रेघ आडवी किंवा खाली आहे. कापसाच्या आकड्यांआधी ते वाचले जातील.

एवढे बोलून आम्ही थांबतो.