अर्धा मार्क



मला ‘माझी वाटचाल’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मी विमानाच्या इंजिनांबद्दल बोलणार आहे. मागच्या बाकावरच्यांनी तेव्हासारखीच झोप काढली तरी हरकत नाही.

नववीच्या चाचणीत प्रश्न होता, पाण्याचा उत्कलनांक किती? मी लिहिलं, १०० अंश सेल्सिअस. विज्ञानाच्या बाईंनी अर्धा मार्क कापला आणि लाल शाईत लिहिलं, ‘कोणत्या दाबाला?’ मी सगळ्या वर्गादेखत वाद घातला. बाई शांतपणे म्हणाल्या, “महाबळेश्वरला जाऊन उकळून बघ.”

पुढे इंजिनिअरिंग झालं, सॉफ्टवेअरमध्ये आले. एका नोकरीत डेटाबेसची नवी आवृत्ती घ्यायची की जुनीच ठेवायची, हे मी ठरवायचं होतं. चाचणीत नवी दीडपट वेगवान निघाली. पण ती चाचणी मी चिमूटभर डेटावर घेतली होती. खरा भार पडल्यावर ती जुनीपेक्षाही रखडली. रात्री दोन वाजता जुनी आवृत्ती परत बसवताना ती लाल शाई आठवली. चूक पूर्णपणे माझी होती.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या महायुद्धातल्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाबद्दल वाचत बसले. हे स्पिटफायर विमानाचं इंजिन. बारा सिलिंडर, २७ लिटर. मर्लिन ३ ची ताकद किती? ८७ ऑक्टेन पेट्रोलवर सुमारे १६ हजार फुटांवर १०३० अश्वशक्ती. तेच इंजिन १९४० साली १०० ऑक्टेनवर, ९ हजार फुटांवर सुमारे १३१० द्यायचं, तेही फार तर पाच मिनिटं. मग खरा आकडा कोणता? दोन्ही!

वर हवा विरळ होते. ३० हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीस टक्के. म्हणून सुपरचार्जर नावाचा पंखा हवा दाबून इंजिनात भरतो. गंमत अशी की हा पंखा इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो. उंचावर तो जीव वाचवतो, पण खाली, जिथे हवा मुळातच दाट, तिथे तो नको इतकी हवा भरू पाहतो. मग थ्रॉटल अर्धवट मिटून ठेवावा लागतो आणि पंखा फिरवायला खर्चलेली ताकद फुकट जाते.

१९४१च्या उत्तरार्धात जर्मनांचं फोक-वुल्फ १९० आलं आणि मर्लिन ४५ वाली स्पिटफायर मागे पडू लागली. उत्तर होतं मर्लिन ६१. त्यात एकामागे एक दोन पंखे, दोन वेग. हवा दाबली की तापते आणि तापली की पसरते, म्हणून इंजिनात जाण्याआधी तिला थंड करायची सोयही होती. या सुपरचार्जरांमागे स्टॅन्ली हूकर होते, मूळचे गणिती. १९३८ साली कंपनीत आले. इंजिनाची लिटरं वाढवली नाहीत, फक्त हवेचा हिशोब सुधारला. १९४२च्या उन्हाळ्यात हे इंजिन जुन्याच सांगाड्यात बसवून स्पिटफायर ९ लढाईत उतरली.

मला मात्र सगळ्यात आवडते ती मर्लिन ४५ एम. हिच्या सुपरचार्जरचा पंखा चक्क कापून लहान केला होता. उंचावर ती आधीच्यापेक्षा दुबळी, पण जमिनीलगत जोरदार, आणि काही तुकड्यांना लढायचं तिथेच होतं. स्पिटफायर ९ साठीही पुढे मर्लिन ६६ कमी उंचीसाठी आणि मर्लिन ७० जास्त उंचीसाठी, अशी वेगवेगळी इंजिनं होती. नुसते क्रमांक वाचून ७० सरस वाटेल. मीही तशीच फसले असते.

हल्ली टीममधली मुलं ‘नवी आवृत्ती चाळीस टक्के वेगवान’ असं सांगत येतात, तेव्हा मी विचारते, किती डेटावर? किती जण एकाच वेळी वापरत असताना? ती वैतागतात. मला माझा नववीतला चेहरा दिसतो.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. तो वाद मी आज मागे घेते. महाबळेश्वरला थर्मामीटर घेऊन जायचं मात्र अजून राहिलंय.