रातांब्याचं बी मडक्यात टिकत नाही



जोंधळ्याचं बी राख लावून मडक्यात ठेवलं, तर पुढच्या हंगामाला उगवतं. रातांब्याचं तसं नाही. त्याचं बी वाळलं की मेलं. जांभूळ, फणस, आंबा यांचंही तेच. त्यामुळं या झाडांचे वाण साठवायला उभं झाड हेच कोठार. ते तोडलं की त्यातला वाणही गेला.

आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावड्याच्या मंडळींनी बांधावरची, ओढ्याकाठची रातांब्याची झाडं जरा निरखून बघावीत. बियांपासून उगवलेली दोन झाडं सारखी नसतात. कुठं फळ लिंबाएवढं, कुठं सुपारीहून थोडं मोठं. साल कुठं जाड, कुठं पातळ. एखादं झाड एप्रिलात पिकतं, तर दुसऱ्याची फळं जूनच्या पावसात सापडून कुजतात. आमसूल होतं सालीचं, तेव्हा जाड सालीचं आणि पावसाआधी निघणारं झाड म्हणजे पैसा. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं १९९७ साली दिलेली 'कोकण अमृता' ही जात अशाच बियांच्या झाडांतून निवडलेली आहे. म्हणून लहान फळाचं झाडही टाकाऊ समजू नका. रोग किंवा पाण्याचा ताण सोसण्याचा गुण फळाकडं बघून कळत नाही.

आता 'वांझ' म्हणून ज्या झाडावर कुऱ्हाड पडते त्याविषयी. ते बहुधा वांझ नसतं, नर असतं! रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी. फूल उघडून बघा. मधोमध हिरवा मणी दिसला तर मादी, नुसता परागाचा झुबका दिसला तर नर. नर सगळे तोडले, तर मादीला पराग मिळायचा कुठून? दहा माद्यांमागं एक तरी नर राखावा.

यंदा एवढं करा. चांगल्या झाडांना गेरूची खूण करा. फळं कधी पिकली, दहा फळांचं वजन किती, त्यात साल किती, हे पोराच्या वहीत लिहून ठेवा. पसंतीच्या झाडाचं मृदुकाष्ठ कलम करून घ्या. काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीची घ्या. आडव्या फांदीच्या काडीचं कलम जमिनीलगत पसरत राहतं. झाड राखीव जंगलातलं असेल, तर आधी वनखात्याची परवानगी लागेल. आणि साऱ्या बांधाला एकाच झाडाच्या काड्या वापरू नका. चार-पाच वेगवेगळ्या झाडांच्या घ्या.

बियांपासून रोपं केली, तर त्यांत निम्म्याच्या आसपास नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. तरीही थोडी रोपं बियांची लावाच, नवे गुण तिथूनच येतात. त्यासाठी बी निरनिराळ्या झाडांचं घ्या, गर धुऊन काढा, सावलीत ठेवा आणि आठवड्याच्या आत पिशवीत लावा. उन्हात वाळवू नका.