काढ्याचीही नोंद हवी



यकृतावर बोलायला जबलपूरच्या खमरियासारखं गाव शोधून सापडणार नाही. 1942 पासून इथे दारूगोळा बनतो आणि महाराष्ट्रातल्या आयुधनिर्माणींतून बदलून आलेली मराठी कुटुंबं इथल्या क्वार्टर्समध्ये पिढ्यांमागून पिढ्या राहिली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांत टीएनटी भरणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडे आणि त्यांतल्या काही विषारी काविळीने दगावल्या. शरीरात शिरलेलं रसायन निस्तरताना यकृत कसं होरपळतं, हे या धंद्याला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. आज मात्र मला बोलायचंय ते बरं होण्यासाठी घेतलेल्या गोळीबद्दल आणि त्या गोळीपासून ‘लिव्हर सांभाळायला’ घरात उकळल्या जाणाऱ्या काढ्याबद्दल.

क्षयाचंच घ्या. पहिले दोन महिने चार औषधं असतात. त्यांतली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला जड जाऊ शकतात. रुग्णाची भूक जाते, मळमळ सुरू होते. मग कुणीतरी सांगतं, गोळ्या गरम पडल्या, भुईआवळ्याचा रस द्या, कुटकी द्या, गुळवेल द्या. हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि तो निराधारही नाही. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने कुटकीपासून पिक्रोलिव्ह काढलं; पॅरासिटामॉलसारख्या द्रव्यांनी प्राण्यांच्या यकृताला होणारी इजा त्याने कमी झालेली दिसली. युरोपात एका काटेरी झाडाच्या बियांतून मिळणारं सिलिबिनिन विषारी अळंबी खाल्लेल्यांना शिरेतून देतात. मी स्वतः वैद्य आहे आणि या वनस्पतींवर माझा विश्वास आहे.

पण प्राण्यावर दिसलेला गुण माणसात तसाच उतरतो, असं मला म्हणता येणार नाही. 1988 साली मद्रासहून भुईआवळ्याविषयी ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला. हिपॅटायटिस बीचे वाहक असलेल्या अनेकांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, असं त्यात म्हटलं होतं. पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत तसं यश आलं नाही. क्षयाच्या औषधांबरोबर त्याच काटेरी झाडाच्या बियांतलं सिलिमरिन देऊन पाहिलं, त्याचेही निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

आपण वैद्य ज्यावर फार कमी बोललो, ती गोष्ट पुढची आहे. पिंपळी आणि मिरीतलं पायपरिन रिफाम्पिसिनचं शोषण वाढवतं. जम्मूच्या प्रयोगशाळेने याच गुणाचा उपयोग करून 450 मिलिग्रॅमऐवजी 200 मिलिग्रॅम रिफाम्पिसिनची गोळी तयार केली. हे आपल्या परंपरेला भूषणावह आहेच. पण त्याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. पिंपळी-मिरी असलेलं त्रिकटू घातलेला काढा रोज पिणाऱ्या रुग्णाच्या रक्तात औषध किती चढतंय, हे त्याच्या डॉक्टरांच्या हिशेबात नसतं. यकृतासाठी आपण देतो त्या आरोग्यवर्धिनीत निम्मी कुटकी असते, पण तिच्याबरोबर कज्जली, म्हणजे पारा-गंधक, आणि ताम्रभस्मही असतं. हे सगळं त्याच यकृताकडे जातं.

गुळवेलीचं प्रकरण तर ताजंच आहे. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद केली. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांतून 43 रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, दिसायला तशीच दुसरी वेल असू शकते असंही सांगितलं. आक्षेप दुर्लक्षण्याजोगा नाही. पण उद्या असा रुग्ण आपल्या दारी आला, तर त्याने कुठली वेल, किती आणि किती दिवस उकळून प्यायली, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

क्षयाच्या रुग्णाला लक्षणं असताना यकृताची इजा दाखवणारं रक्तातलं एएलटी सामान्य मर्यादेच्या तिपटीच्या वर गेलं किंवा लक्षणं नसताना पाचपटीच्या वर गेलं, तर डॉक्टर यकृताला जड जाणारी औषधं थांबवतात. यकृत सावरलं की एकेक औषध पुन्हा सुरू करून दोषी कोणतं ते शोधतात. या शोधाच्या मध्यावर घरचा काढा लपून चालू राहिला, तर आरोप भलत्याच गोळीवर येतो. एक कामाचं औषध हातचं जातं, उपचार लांबतो. काहीजण तर गोळ्या सोडून काढाच चालू ठेवतात. तिथून औषधांना न जुमानणारा क्षय उभा राहतो आणि तो घरातल्या लेकरांपर्यंत पोचतो.

म्हणून रुग्णाला दटावू नका. दटावलं की तो काढा लपवतो. ‘घरी काय घेता?’ असं सरळ विचारा, पुडी आणायला सांगा, झाड ओळखा आणि त्याच्या केसपेपरवर लिहा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नाची शिसारी आली, तर वैद्याने आपली पुडी वाढवण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि क्षयकेंद्राला कळवावं. दारू पिणाऱ्या रुग्णाला तर पहिल्याच दिवशी ही लक्षणं समजावून सांगायला हवीत.

जबलपुरात मेडिकल कॉलेज आहे, आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. कुटकी किंवा भुईआवळा क्षयाच्या औषधांबरोबर दिला तर यकृत खरंच वाचतं का, याची नीट चाचणी या शहरात होऊ शकते. तशी मागणी वैद्य-डॉक्टरांच्या या संमेलनाने लेखी करावी, अशी माझी सूचना आहे. दुपारच्या सत्रात काढ्याच्या नोंदीचा एक साधा तक्ता मी मांडणार आहे. वनस्पती, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि देणाऱ्याचं नाव, एवढेच रकाने त्यात आहेत. आपापल्या दवाखान्यातल्या अनुभवाने त्यात काय वाढवायचं, ते कृपया तिथे सांगा.