ठोसा तोच, वाचक निराळे

‘कॅप्टन अमेरिका’ या चित्रकथेच्या पहिल्याच मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो. अंक मार्च १९४१ चा. अमेरिका युद्धात उतरली डिसेंबरात! जो सायमन आणि जॅक कर्बी या ज्यू निर्मात्यांना धमक्या आल्या. अंक मात्र हातोहात खपला.

१९५४ मध्ये हाच वीर साम्यवाद्यांचा कर्दनकाळ म्हणून परतला. साम्यवादविरोध तर टिपेला पोहोचलेला. तरीही तीन अंकांत नियतकालिक बंद! कोरियातील युद्ध नुकतेच, १९५३ मध्ये, थांबले होते. शिणलेल्या घरांना नवा शत्रू नको होता, असे मला वाटते.

वॉटरगेटनंतर, १९७४ साली, या नायकाने ध्वजरंगी पोशाख स्वतःच उतरवून ठेवला. १९४१ च्या वाचकाने तो अंक फाडून टाकला असता.