रक्ताच्या थेंबात श्वासाचा हिशेब

सातपुड्यात सुमारे १,१५० मीटर उंचीवरच्या तोरणमाळच्या परिसराला बोटातून काढलेल्या रक्ताची तपासणी नवी नाही. भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळत असल्याने, रक्ताचा थेंब रसायनात टाकून द्रावण गढूळ होते की नितळ राहते, हे पाहण्याची चाचणी नंदुरबार जिल्ह्यात होत आली आहे. मग चुलीपुढे जन्म काढलेल्या आणि चढण लागताच धापा टाकणाऱ्या बाईचा आजारही तशाच थेंबातून का कळू नये?

हा आजार बहुधा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन हवा बाहेर पडण्यास अडथळा आणणारा विकार असतो. विडी न ओढणाऱ्यांनाही तो जडतो आणि त्यात सरपणाच्या धुराचा वाटा मोठा आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्याचे निदान स्पायरोमीटर या यंत्राने होते. छातीभर श्वास घेऊन तो जोराने, सुमारे सहा सेकंद, किमान तीनदा फुंकायचा असतो. खोकल्याची उबळ आवरणाऱ्या, फक्त पावरी समजणाऱ्या वृद्धेकडून हे करून घेणे सोपे नव्हे. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा अपेक्षेच्या ८०, ५० की ३० टक्क्यांखाली गेली, यावर आजाराच्या तीव्रतेच्या पायऱ्या ठरतात.

रक्त ही पायरी सांगत नाही. सिकलसेलचा दोष रक्तातच असतो, म्हणून तेथे उत्तर स्वच्छ मिळते. सीओपीडीचा दोष श्वासनलिकांत असतो आणि रक्तात त्याचे केवळ पडसाद उमटतात. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन वा सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन वाढलेले दिसते खरे, पण ते साध्या न्यूमोनियातही वाढते. अपवाद अल्फा-१ अँटिट्रिप्सिनचा: यकृतात तयार होणारे, फुप्फुसाचे रक्षण करणारे हे प्रथिन काहींत जन्मतःच कमी असते, हे स्वीडनमध्ये १९६३ साली उघड झाले, आणि ती उणीव रक्तात थेट मोजता येते, भारतात मात्र ती विरळाच.

व्यवहारात उपयोगी पडतात त्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी. आजार वारंवार बळावणाऱ्या रुग्णाच्या रक्तात त्या दर मायक्रोलिटरला ३०० वा अधिक असल्यास श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा लाभ संभवतो, १०० च्या खाली क्वचितच. मात्र पोटातल्या जंतांनीही हा आकडा फुगतो, त्यामुळे अनवाणी शेतात राबणाऱ्या बाईचा अहवाल वाचताना डॉक्टरांना आधी जंतांची चौकशी करावी लागते.