बयाना घेतला, आणि माणूस गेला

‘गुन्हा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. आमच्या घरच्या बोलीत ‘गुनाह’ म्हणजे पाप. त्याचा जाब वरच्या दरबारात द्यायचा. मराठीत मात्र तो पोलीस ठाण्यात ‘दाखल’ व्हावा लागतो. जो दाखलच होत नाही त्याचं काय, हा प्रश्न शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला नवा नाही.

आपल्या ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ असा एक शब्द होता. ऐकायला किती गोड! लग्नापुरते पैसे सावकाराकडून उचलायचे आणि फेडण्यासाठी त्याच्याच शेतावर राबायचं, बहुधा नवरा-बायको दोघांनी. हिशेब सावकाराच्या वहीत, त्यामुळे तो संपायचा नाही. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं असली कर्जं रद्द ठरवली आणि राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. तरी गडी आपोआप सुटले नाहीत. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना त्यासाठी १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी करावी लागली.

आज लग्नगडी हा शब्द फारसा ऐकू येत नाही. त्याच्या जागी ‘बयाना’ आहे. पावसाळ्यात कातकरी वाडीवर काम नसतं, घरात दाणा नसतो. त्याच दिवसांत वीटभट्टीसाठी बयाना मिळतो. दिवाळी झाली की सगळं कुटुंब भट्टीवर, पोरांसकट. शाळा तिथंच सुटते. सगळेच भट्टीवाले वाईट नसतात, आणि आगाऊ पैसे देणं हाही गुन्हा नाही. पैसे फिटेपर्यंत जायचं नाही, दुसरीकडे कामाला लागायचं नाही, असं बजावलं की तिथं गुन्हा सुरू होतो.

घरफोडी झालेला माणूस ठाण्यात ओरडत जातो. वेठबिगार तिथं गेलाच, तर मान खाली घालून उभा राहतो. पैसे आपणच घेतले, तेव्हा चूक आपलीच, असं त्याला मनापासून वाटतं. मारहाणीचे वळ जातात, हे वाटणं जात नाही. मुलगाही तेच शिकतो. आणि आपण गाववाले? ‘त्यांचा आपसातला व्यवहार आहे,’ म्हणून पुढं जातो. फुकटात राबणारे हात मिळाले की शेजारच्या मोकळ्या मजुराची मजुरीही वाढत नाही, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

केंद्राच्या २०१६च्या पुनर्वसन योजनेत मुक्त झालेल्या पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अत्यंत गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपये ठरवले गेले. त्यासाठी आधी मुक्तीचा दाखला हवा. शिवाय पूर्ण रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडली गेली. तातडीची मदत आधी मिळू शकते, पण खटला लवकर संपत नाही. वाडीवरचा पावसाळा मात्र दर वर्षी वेळेवर येतो, आणि त्याच्या मागोमाग बयाना घेऊन मुकादमही.